गुण न विचारणारं कॉलेज

१८ फेब्रुवारी २०२१ ला नासाची 'पर्सिव्हिअरन्स' ही गाडी मंगळावर जेझेरो विवरात उतरली. नियंत्रण कक्षातून त्या उतरण्याचं वर्णन करणाऱ्या स्वाती मोहन आणि त्यांच्या कपाळावरची टिकली आपल्याकडे घरोघरी पोचली. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी आणखी एक बातमी आली, ती मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटली. गाडीची चाकं जिथे टेकली त्या जागेला नासाने नाव दिलं, 'ऑक्टेव्हिया ई. बटलर लँडिंग'.

बटलर विज्ञानकथा-कादंबऱ्या लिहायची. मंगळावरची ही गाडी जिथे घडली ती जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, म्हणजे जेपीएल, लॉस एंजेलिसजवळच्या पासाडीनाच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी आहे. बटलर जन्मली, वाढली ती याच पासाडीनात, आणि शिकली ते जेपीएलपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर असलेल्या पासाडीना सिटी कॉलेजात. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग. १९६८ साली तिला तिथली दोन वर्षांची असोसिएट डिग्री मिळाली. ते गावातलं कम्युनिटी कॉलेज. इथले लोक त्याला नुसतं 'पीसीसी' म्हणतात.

मी लॉस एंजेलिसच्या या भागात राहायला आले तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. कोलोरॅडो बुलेव्हार्डवरून जाताना डाव्या हाताला एक लांबलचक कॉलेज दिसायचं, समोरच्या बस स्टॉपवर पाठीला सॅक लावलेली मुलं दिसायची, आणि त्यांच्यात माझ्या आईच्या वयाच्या बायकाही दिसायच्या. ते बघूनच मी एका सेमिस्टरला इंग्रजी लेखनाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. त्या वर्गाबद्दल पुढे सांगते. आधी या कॉलेजातून गेलेल्या माणसांबद्दल सांगायचंय, कारण त्यांची नावं एका ओळीत लिहिली की मला आजही थांबून पुन्हा वाचावीशी वाटतात.

ऑक्टेव्हियाचे वडील बुटपॉलिशचं काम करायचे. ती लहान असतानाच ते गेले. आई श्रीमंतांच्या घरी घरकाम करायची. पासाडीना तेव्हाही पैसेवाल्यांचं गाव होतं, गुलाबांच्या मिरवणुकीचं, मोठमोठ्या बंगल्यांचं. मुलीला सोबत घेऊन आई कामावर जायची आणि त्या दोघी मागच्या दाराने आत शिरायच्या. आईसमोर लोक काय काय बोलायचे ते ती मुलगी ऐकायची. आई उलटून काही बोलत नाही याची तिला लाज वाटायची. कमालीची बुजरी, अंगाने उंचीपुरी, वाचताना अक्षरं अडखळणारी अशी ही पोर दहाव्या वर्षी आईकडे टाइपरायटर मागते, आणि ती आई तो घेऊन देते! घरकामाच्या मिळकतीतून तो कसा आणला असेल याचा विचार मी पुष्कळदा करते. काळ्या माणसांना लेखक होता येत नसतं, असं एका मावशीने मायेनेच तिला समजावलं होतं. पुस्तकांवर तोवर तिला कुणा काळ्या लेखकाचं नाव दिसलंही नव्हतं.

पीसीसीच्या पहिल्याच वर्षी तिने कॉलेजच्या कथास्पर्धेत भाग घेतला आणि ती जिंकली. बक्षीस पंधरा डॉलर. लेखणीची ती तिची पहिली कमाई.

याहून मोठी गोष्टही तिला तिथेच मिळाली. ते 'ब्लॅक पॉवर' या काळ्यांच्या आक्रमक चळवळीचे दिवस होते. तिच्या बरोबरीचा एक कृष्णवर्णीय मुलगा, इतिहासाची चांगली जाण असलेला, एकदा म्हणाला की ज्या म्हाताऱ्यांनी आपल्याला इतकी वर्षं मागे ठेवलं त्यांना मारून टाकावंसं वाटतं, पण मग सुरुवात माझ्याच आईबापांपासून करावी लागेल. ऑक्टेव्हियाला ते लागलं. तिला आपली आई आठवली. ते अपमान गिळले गेले म्हणून घरात अन्न आलं, डोक्यावर छप्पर राहिलं, हे त्या मुलाला माहिती म्हणून ठाऊक असेल, पण त्याला ते जाणवलेलं नाही, असं तिला वाटलं. पुढे १९७९ साली तिची 'किंड्रेड' ही कादंबरी आली. त्यात १९७६ सालची कॅलिफोर्नियातली एक कृष्णवर्णीय तरुणी अचानक गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते आणि जिवंत राहण्यासाठी काय काय सोसावं लागतं ते स्वतःच्या अंगावर घेते. कादंबरीचं बी कॉलेजातल्या त्या एका वाक्यात होतं, हे बटलरने स्वतः मुलाखतींतून सांगितलं आहे. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की असं बोलणारा मुलगा आणि ते ऐकून अस्वस्थ होणारी मुलगी एका छताखाली भेटले. दोघांकडेही मोठ्या विद्यापीठाचे पैसे असते तर कदाचित भेटलेच नसते.

१९९५ मध्ये तिला मॅकआर्थर फेलोशिप ही मोठ्या मानाची शिष्यवृत्ती मिळाली. विज्ञानकथा लिहिणाऱ्या कुणाला ती तोवर मिळाली नव्हती. तिचे सगळे कागद आता पासाडीनाला लागून असलेल्या सॅन मरीनोतल्या हंटिंग्टन लायब्ररीत आहेत. त्यात १९८८ च्या सुमाराला एका वहीवर तिने स्वतःलाच लिहिलेला मजकूर आहे. माझी पुस्तकं खपतील, लाखो लोक वाचतील, असं काय काय लिहिता लिहिता ती लिहिते की मी गरीब कृष्णवर्णीय मुलांना कॉलेजात जायला मदत करीन. २००६ मध्ये ती गेली. तिची कादंबरी न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्यांदा आली ती २०२० साली.

ऑक्टेव्हियाच्या तीस वर्षं आधी याच कॉलेजात, तेव्हा ते पासाडीना ज्युनिअर कॉलेज होतं, आणखी एका घरकाम करणाऱ्या बाईची मुलं शिकली. मॅली रॉबिन्सन १९२० साली जॉर्जियातून पाच मुलांना घेऊन पासाडीनाला आली. नवरा सोडून गेलेला. तिचा मुलगा मॅक धावायचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला जाण्यासाठी आधी न्यूयॉर्कच्या निवड चाचणीला पोचायचं होतं, त्याचे पैसे गावातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून उभे केले. दोनशे मीटरमध्ये जेसी ओवेन्स पहिला आला आणि मॅक दुसरा, अवघ्या ०.४ सेकंदाने मागे. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा वेगवान माणूस गावी परतला तेव्हा गावाने त्याला रस्ते झाडायचं काम दिलं. थंडीत तो अंगात ऑलिंपिकचं जाकीट घालून झाडायचा. गावातल्या ब्रुकसाइड पार्कच्या तलावात काळ्यांना आठवड्यातून एकच दिवस पोहायची मुभा होती. कोर्टाने तलाव सगळ्यांना खुला करायला लावला तेव्हा नगरपालिकेने काळ्या कामगारांना कामावरून काढलं, त्यात मॅकही होता.

त्याचा धाकटा भाऊ जॅकी. ७ मे १९३८ चा त्याचा दिवस असा गेला: सकाळी क्लेअरमाँटला जाऊन त्याने लांब उडीत २५ फूट साडेसहा इंच उडी मारली आणि थोरल्या भावाचाच ज्युनिअर कॉलेजांमधला विक्रम मोडला. मग गाडीत बसून ग्लेन्डेलला पोचला आणि बेसबॉलच्या अजिंक्यपदाचा सामना खेळला. त्याच जानेवारीत पोलिसांनी त्याच्या एका मित्राला अडवलं म्हणून आवाज चढवल्याबद्दल त्याला अटकही झाली होती. आणि त्याच वर्षी कॉलेजने अभ्यास, वागणूक आणि सेवा यासाठी ज्या मोजक्या विद्यार्थ्यांचा गौरव केला त्यांतही तो होता. १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरून जॅकी रॉबिन्सनने काळ्या खेळाडूंना तोवर बंद असलेल्या अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधली रंगाची भिंत पाडली, हे जगाला माहीत आहे. भारतातून येणारे पाहुणे इथलं डॉजर स्टेडियम, म्हणजे त्याच संघाचं आताचं मैदान, बघायला मागतात तेव्हा मी त्यांना आधी पासाडीनाच्या सिटी हॉलसमोर नेते. तिथे १९९७ साली या दोघा भावांची काशाची प्रचंड मस्तकं बसवली. मागून बघितलं तर केसांमध्ये त्यांच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत, हात लावला की बोटाखाली उठाव जाणवतो. जॅकीचं तोंड पूर्वेला, ब्रुकलिनच्या दिशेने. मॅकचं तोंड मात्र थेट सिटी हॉलकडे. ज्यांनी झाडू दिला आणि मग तोही काढून घेतला, त्यांच्याकडे तो बघतोय. कॉलेजच्या मैदानाला दोघांचं मिळून रॉबिन्सन स्टेडियम हे नाव आहे.

आता जेपीएलबद्दल. ही प्रयोगशाळा उभी राहिली ती काही वेड्या पोरांच्या रॉकेटप्रयोगांमधून. त्यातला जॅक पार्सन्स १९३३ मध्ये रसायनशास्त्र शिकायला याच ज्युनिअर कॉलेजात आला होता आणि एक टर्म करून पैशांअभावी सोडून गेला. तो दारूगोळ्याच्या कंपनीत नोकरी करायचा, आणि स्फोटकांचं त्याचं ज्ञान हाताने मिळवलेलं होतं. त्याचा शाळासोबती एड फोरमन आणि कॅलटेक या पासाडीनातल्याच विज्ञानसंस्थेत संशोधन करणारा फ्रँक मलिना यांच्यासोबत त्याने ३१ ऑक्टोबर १९३६ ला अरोयो सेको नावाच्या कोरड्या नदीपात्रात रॉकेटचं इंजिन पेटवून बघितलं. ऑक्सिजनची नळी पेटली, सुटली आणि सगळे जीव घेऊन पळाले. त्या जागेच्या आसपासच पुढे जेपीएल वसली. रॉकेटच्या घन इंधनात पार्सन्सने जी वाट दाखवली तिच्यावरून पुढची मोठी रॉकेटं गेली. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला त्याच्या नावाचं विवर आहे.

म्हणजे बघा, कॉलेज अर्धवट सोडलेल्या एका मुलाने जी संस्था उभी करायला हातभार लावला, तिने बनवलेली गाडी मंगळावर उतरली आणि त्या जागेला त्याच कॉलेजात संध्याकाळी शिकलेल्या मुलीचं नाव मिळालं. ही साखळी कुणी ठरवून जोडलेली नाही. मला मात्र ती कळल्यापासून पीसीसीवरून जाताना मान आपोआप वळते. (आणि हो, १९३१ मध्ये या कॉलेजच्या वेधशाळेचं उद्घाटन करायला आईनस्टाईन आले होते.)

हे सगळे इथेच कसे आले, याचं उत्तर साधं आहे. हे कॉलेज प्रवेश देताना गुण विचारत नाही. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा आराखडा केला, त्यात शाळेतून बाहेर पडणाऱ्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) विद्यापीठं, वरच्या तिसऱ्या हिश्शासाठी कॅल स्टेटची (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), आणि ज्याला शिकायचंय त्या प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेज अशी वाटणी केली. दोन वर्षं इथे काढायची आणि तिसऱ्या वर्षाला 'ट्रान्सफर' घेऊन बर्कली, यूसीएलएला जायचं, हा रस्ता त्यात मुद्दाम ठेवला. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि राज्यातल्या रहिवाशाला फी आहे युनिटमागे ४६ डॉलर. तीन युनिटांचा विषय १३८ डॉलरला पडतो.

आणि तरीही आपल्या लोकांत याची लाज बाळगली जाते. मंडळाच्या गणपतीत मुलांची चौकशी सुरू होते. कुणाचा मुलगा बर्कलीला, कुणाची मुलगी पर्ड्यूला. मग एखादी आई आवाज खाली आणून म्हणते, "तो सध्या इथेच आहे गं, कम्युनिटीत. दोन वर्षांनी ट्रान्सफर घेईल." बाकीच्या जणी "हो का, छान छान" म्हणतात आणि विषय बदलतो. त्या आईचा पडलेला चेहरा मला बघवत नाही. बारावीच्या टक्क्यांवर आणि कटऑफवर आपण वाढलो, त्यामुळे जिथे निवड नाही तिथे दर्जा नाही हे आपल्या मनात पक्कं बसलंय. मी त्या आयांना रॉबिन्सन भावांची गोष्ट सांगते, ऑक्टेव्हियाची सांगते. खरं तर इतकं लांब जायची गरजही नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना येता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. पोटासाठी दिवस विकलेल्या माणसाला शिकायला उरलेले तास कुठले, याचा विचार आधी करणारी संस्था माझ्या लेखी पहिल्या प्रतीची.

नाण्याची दुसरी बाजू सांगायलाच हवी. गुण न विचारणारं कॉलेज पुढची हमी देत नाही. पुष्कळ जण मधेच सोडून जातात, नोकरीची पाळी बदलते, मूल आजारी पडतं, गाडी बिघडते. आणि एक नाव असं आहे जे पीसीसीच्या कुठल्याही गौरवाच्या यादीत नसतं. सिरहान सिरहान हा जेरुसलेमहून आलेल्या कुटुंबातला मुलगा १९६४-६५ च्या सुमारास इथे शिकत होता. त्याची बहीण आजारी होती, ती वारली. त्याची हजेरी आणि गुण घसरले आणि कॉलेज सुटलं. जून १९६८ मध्ये त्याने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरलेल्या रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या. ऑक्टेव्हियाला डिग्री मिळाली तेच हे वर्ष. त्याने जे केलं त्याचं ओझं कॉलेजवर टाकणं बरोबर नाही, आणि मी ते टाकत नाही. पण सगळ्यांना घ्यायचं ठरवलं की सगळेच येतात, हेही डोळे उघडे ठेवून मान्य केलं पाहिजे. मला वाटतं, तरीही घ्यावं.

त्याच दशकात, त्याच कॉलेजच्या समोरच्या कॉफी शॉपमध्ये एक बोलिव्हियन माणूस फरशी पुसत होता. हायमे एस्कलान्ते. ला पाझमध्ये बारा वर्षं गणित आणि भौतिकशास्त्र शिकवलेला नावाजलेला शिक्षक. अमेरिकेत आल्यावर त्यांच्या डिग्रीला कुणी विचारेना, इंग्रजी येईना. दिवसा मॉप मारायचा, रात्री रस्ता ओलांडून पीसीसीत वर्गाला बसायचं. तिथे इंग्रजी घोटलं, इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं, कॉम्प्युटर कंपनीत चांगली नोकरी लागली. इथे कुणीही थांबला असता. एस्कलान्तेंनी पुढे कॅल स्टेट एलएमधून शिकवण्याचा परवाना मिळवला आणि १९७४ मध्ये पगार कमी होत असतानाही पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. गरीब मेक्सिकन वस्तीतली शाळा, साधी बेरीज-वजाबाकी कच्ची असलेली मुलं. १९८२ मध्ये त्यांच्या १८ मुलांनी एपी कॅल्क्युलसची, म्हणजे शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची गणिताची परीक्षा दिली आणि सगळी पास झाली. परीक्षा घेणाऱ्यांना विश्वास बसेना. १४ जणांवर कॉपीचा संशय घेतला. त्यातली १२ मुलं पुन्हा परीक्षेला बसली आणि पुन्हा पास झाली.

या कथेतला एक भाग सहसा सांगितला जात नाही. ही मुलं वर्षभरात जादूने तयार झाली नव्हती. गारफिल्डच्या मुलांचा पाया पक्का करायला एस्कलान्तेंनी उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग चालवले, ते ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात. तेही कम्युनिटी कॉलेजच. रात्रीच्या वर्गात बसून ज्यांचं आयुष्य मार्गी लागलं होतं, त्यांना मुलांना घेऊन कुठे जायचं हे बरोबर ठाऊक होतं.

शिकवणाऱ्यांची नावं इतक्या सहज सापडत नाहीत. चित्रकार बेन साकोगुची हे एक सांगता येईल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, त्यात साकोगुचींचं बालपण ॲरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत गेलं. घरच्यांचं सॅन बर्नार्डिनोला किराण्याचं दुकान होतं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांच्या खोक्यांवर पूर्वी रंगीत लेबलं असायची, सूर्य, बागा, हसऱ्या बायका. तोच आकार, तीच सजावट घेऊन साकोगुचींनी शेकडो छोटी चित्रं काढली, आणि त्यात अणुबॉम्ब, छावण्या, वंशद्वेष असं सगळं मांडलं. लांबून बघाल तर संत्र्यांची गोड जाहिरात, जवळ गेलात की पोटात गोळा येतो. हा माणूस तीस वर्षांहून अधिक काळ पीसीसीत चित्रकला शिकवत होता. पुढे अनेक वर्षांनी जिल बायडन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी असतानाही व्हर्जिनियातल्या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजीचे निबंध तपासत राहिल्या, तेव्हा कुठे जगाला कळलं की तिथे शिकवणं हे मनापासून करायचं काम असू शकतं.

बाकीच्यांची कहाणी वेगळी आहे. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत शिकवणारे बहुसंख्य शिक्षक अर्धवेळ असतात. एका कॉलेजात पुरेसे वर्ग मिळत नाहीत, म्हणून सकाळी एक, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं असं फिरतात. त्यांना इथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. तासावर पैसे, पुढच्या सेमिस्टरला वर्ग मिळेल की नाही याची खात्री नाही, बसायला धड खोली नाही.

माझ्या त्या लेखनाच्या वर्गातल्या बाई अशाच होत्या. वह्यांचे गठ्ठे गाडीच्या मागच्या सीटवर. वर्गात गणवेशात तसाच आलेला एक हॉस्पिटलमधला मदतनीस होता, निवृत्त झालेला एक सुतार होता, दोन आर्मेनियन बहिणी होत्या, नुकतीच शाळा सोडलेली पोरं होती आणि मी होते. बाई प्रत्येकाच्या निबंधावर समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायच्या, आणि ते 'छान' किंवा 'पुन्हा लिहा' असं कधीच नसायचं. त्या सुताराने जिना कसा बांधतात यावर लिहिलं होतं. बाईंनी समासात विचारलं होतं की पायरीची उंची तुम्ही कशी ठरवता, ते वाचकाला दाखवा ना. तो कागद त्याने आम्हाला सगळ्यांना फिरवून दाखवला. पुढच्या निबंधात त्याने पायरीवर पाय ठेवणाऱ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा गुडघा लिहिला.

गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीशेजारी या बाईंसारख्यांची यादी कॉलेजांनी करावी, असं मला फार वाटतं. ऑक्टेव्हियाची कथा निवडणारं कुणीतरी होतंच ना. एस्कलान्तेंचं इंग्रजी दुरुस्त करणारं कुणीतरी होतं, दिवसभराच्या कामानंतर समोर बसलेल्या त्या थकलेल्या माणसाशी आदराने बोलणारं. आमच्या बाईंनी एकदा बोलता बोलता सांगितलं की त्या स्वतः कम्युनिटी कॉलेजातून आल्या, १९८४ च्या आधी, म्हणजे कॅलिफोर्नियात या कॉलेजांना फीच नव्हती त्या काळात. फी असती तर घरच्यांनी थोरल्या भावाला पाठवलं असतं, मला नाही, असं म्हणून त्यांनी हजेरीपट उघडला आणि पहिलं नाव पुकारलं.